धूसर नजर

‘धूसर नजर’ असं मी त्या पर्यायाचं मराठी केलं, तो कसा चालतो ते बघायला क्लिक केलं, आणि समोरच्या पानावरचे सगळे गणपती विरघळले. झालं ते एवढंच. सकाळची वेळ, रोह्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर, नवरा धाटावला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला, गॅसवर डाळ. वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांसाठी उपयोगी साधनांचं एक मराठी पान मी तयार करते आहे. दोन रंगांतला फरक वाचण्याजोगा आहे की नाही ते सांगणारी साधनं, फोटो हलके करणारी, कोड लिहिल्याबरोबर परिणाम दाखवणारी, फुकट शिकवणारे धडे, कोडमधल्या एकेका टॅगची खडान्‌खडा माहिती देणारे संदर्भ. इंग्रजीत या सगळ्याचा डोंगर पडलाय, पण रोहा-पेणच्या ज्या मुली माझ्याकडे शिकायला येतात त्या डोंगराच्या पायथ्यालाच दमतात. म्हणून एकेक साधन मी आधी स्वतः वापरते आणि मग त्याच्याखाली कळतील अशा दोन ओळी लिहिते. न वापरता लिहायचं नाही, हा माझा हट्ट. हे साधन तर ब्राउझरच्या पोटातच असतं. तपासणीची खिडकी उघडायची, आत नजरेचे दोष निवडायची सोय आहे, त्यातला एक निवडला की तशी नजर असलेल्या माणसाला दिसेल तसं पान दिसायला लागतं. करून बघायला एखादं पान हवं म्हणून मी जोह्याच्या, माझ्या माहेरच्या गणपतीच्या कारखान्याचं उघडलं होतं. ते मीच बनवलंय. ते विरघळलं. मुकुट राहिले, सोंडेचा वळसा कसाबसा राहिला, सोवळ्यांचे पिवळे-तांबडे डाग राहिले, डोळे गेले. पर्याय बंद केला, डोळे आले. चालू केला, गेले. हा खेळ मी किती वेळ करत होते कोण जाणे, डाळ करपल्याचा वास आला तेव्हा उठले.

डाळीखालचा गॅस बंद करताना मला बाबांचं बघणं आठवलं. गेल्या महिन्यात जोह्याला गेले होते तेव्हा मी त्यांच्या अगदी पुढ्यात उभी होते आणि ते माझ्या कानाच्या बाजूला बघत म्हणाले, “कोन? बाय?” मला हसू आलं होतं. कामात बुडालेत, म्हटलं. जेवताना त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला तो आधी ताटाच्या कडेला लागला, मग चाचपत चाचपत तांब्याला. तेव्हा मी आईशी कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होते. हे सगळं मी बघितलं होतं. माझे डोळे चांगले आहेत, चष्मासुद्धा नाही. आता रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून ते एकेक आठवायला लागले. बाबा हल्ली माणसाकडे बघतच नाहीत, माणसाच्या बाजूला बघतात. आम्ही म्हणत होतो, म्हातारपणी तिरसट झालेत.

माझे वडील हिरामण, आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग, सोवळं, दागिने ही कामं कोणीही करतं, माझा भाऊ प्रणित करतो, हंगामाला आलेली माणसं करतात, लग्नाआधी मीही केली. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, आणि ते बाबांचे. मी लहान असताना आखणी सुरू झाली की रेडिओ बंद व्हायचा. कोणी बोलायचं नाही. बाबा एक गुडघा छातीशी घेऊन मूर्तीपुढे बसायचे, श्वास आत घ्यायचे, आणि तो बाहेर येईपर्यंत वरची पापणी संपलेली असायची. मला त्या श्वासाची भीती वाटायची, परत घेतलाच नाही तर म्हणून. आणखी एक रीत आमच्या घरात फार कडक होती. एकदा डोळे उघडले की त्या मूर्तीला नाव ठेवायचं नाही. रंग उडालाय, हात जाड झालाय, जे काय बोलायचं ते आखणीच्या आधी. एकदा मी, असेन सहा-सात वर्षांची, एका मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्याचा एक डोला बारीक हाय,” तर आईने शेणाने भरलेला हात तसाच माझ्या तोंडावर दाबला. “त्याना बघितला हाय तुना. आता बोलू नको गो.” ती चव मला अजून आठवते. देवाने आपल्याला बघितलं की आपण त्याच्यातलं उणं काढायचं नाही, हे त्या घरात मी शिकले. मग सासरी आल्यावर मोबाइलवर, नंतर या लॅपटॉपवर, ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत अशा देशोदेशीच्या शिक्षकांकडून, उणं शोधायचंच काम शिकले. पान कुठे तुटतं, कुणाला वाचता येत नाही, कुठल्या मोबाइलवर बटण पडद्याबाहेर जातं. त्याचेच मला लोक पैसे देतात.

जेवण तसंच ठेवलं आणि प्रणितने पाठवलेले या वर्षीचे फोटो मोठे करून बघायला लागले. साइटवर टाकताना मी ते हलके केले होते, कापले होते, पण बघितले नव्हते. म्हणजे बघितले होते, मापाने. आता डोळे बघितले. डोळे सरळ होते. दोन्ही सारखे, दोन्ही एका रेषेत, आणि क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःशीच हसले. उगाच घाबरले, म्हटलं. मग गेल्या वर्षीचा एक फोटो शेजारी ठेवला. बाबांची खालची रेघ नाकाकडे येते तशी बारीक होते आणि कोपऱ्याला टेकायच्या आतच थांबते. केसभर जागा उरते. त्या जागेमुळे गणपती आत्ताच काहीतरी ऐकून थांबल्यासारखा दिसतो. या वर्षीच्या डोळ्यांत ती जागा नव्हती. रेघ कोपऱ्यापर्यंत गेली होती, नीटनेटकी, मिटलेली. सगळ्या फोटोंत. आणि एका मोठ्या मूर्तीच्या बुबुळाखालचा पांढरा रंग किंचित फुगलेला होता, त्याच्या खालून दुसरी एक रेघ जात होती, तिरपी, पार गालाकडे उतरलेली. ती रेघ कोपऱ्याच्या आत थांबली होती. ती बाबांची होती.

प्रणितला फोन लावला. त्याच्या मागे रंग फवारायचा कॉम्प्रेसर चालू होता. “बाबांनी काढलेले डोळे कोण पुसतं?” मी विचारलं. आधी तो म्हणाला, ऐकू येत नाय. मग कॉम्प्रेसर बंद झाला. “तू फोटो एवढे मोठे करून कशाला बघतेस, ताई?” म्हणाला, आणि मग सगळं सांगून टाकलं. वाट बघत होता बहुतेक, कोणी तरी विचारावं म्हणून. शिमगा झाल्यावर त्याने बाबांना पनवेलला डॉक्टरकडे नेलं होतं. मोतीबिंदू नाही. साखरेमुळे डोळ्यातला पडदा खराब झालाय, दोन्हीकडचा, मधला भाग. गेलं ते येणार नाही, सुया देऊन उरलंय ते टिकवता येईल. बाबा बाहेर बाकावर बसले होते. प्रणितने बाहेर येऊन त्यांना सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. नवा चष्मा करून दिला. आखणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी डोळे गालावर उतरले. “मंग?” मी म्हटलं. “मंग काय? बाबा जेवायला गेले का साहिल पुसतो नि परत काढतो.” साहिल म्हणजे आमच्याकडे सोवळ्याचं काम करणारा रंगारी, हमरापूरचा, माझ्याच वयाचा, हात चांगला आहे त्याचा. “आईला म्हाईत हाय?” “आईच तर भात उशिरा वाढते.”  “गनपती झाले का सुया चालू करू,” प्रणित म्हणाला. तोवर आणखी जाईल, मी म्हटलं. “म्हाईत हाय मना. पन सांगनार कोन? डोले उघडल्यावर नाव ठेवायचा कोनी? तू ठेवशील?” आणि त्याने रडू आवरत फोन ठेवला.

मला राग आला होता, पण तो धरून ठेवायला जागाच सापडेना. आई, भात मुद्दाम सावकाश वाढणारी. साहिल, उपकार करतोय आणि चोरासारखा करतोय. भाऊ, कारखाना आणि बाप दोन्ही एका खोट्यावर तोलून धरणारा. सगळ्यांनी मिळून बाबांच्या भोवती प्रेमाने अशी भिंत बांधली होती की तिच्या आत त्यांची उरलेली नजर हळूहळू संपून गेली असती आणि कोणाचा आवाजही झाला नसता. त्यांचे डोळे वाचवायचे तर त्यांना सांगायला हवं होतं की तुम्ही काढलेले डोळे वाकडे येतात. मी त्या साधनाखाली दोन ओळी लिहायला बसले आणि जमेना. या विषयाचा एक धडा मी मुलींना नेहमी बघायला लावते. त्यातली बाई शेवटी सांगते, ही साधनं फक्त अंदाज देतात, खरं बघायचं तर त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला विचारा. हे वाक्य मी वर्गात किती टेचात मराठीत सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत घातला आणि पेणची एसटी धरली.

नागोठणे येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. बाबा, डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे का. प्रत्येक वाक्य दुसऱ्याच शब्दाला अडत होतं. बाहेर लावणीची शेतं होती, पाणी भरलेली, आणि मी एक डोळा मिटून, दोन्ही डोळे बारीक करून, पापण्यांवर बोट दाबून त्या शेतांकडे बघत होते. समोरच्या सीटवरची बाई माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागली. माणसाला समोरचं दिसत नाही आणि तो कोणाला सांगत नाही, म्हणजे तो दिवसभर स्वतःशी काय बोलत असेल? सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय बघून पाहत असेल? भीती त्यांची होती, पण ती माझ्याच अंगात शिरली होती. पेणला जोह्याची गाडी लागलेलीच होती.

कारखान्यात शिरले तेव्हा रेडिओ हळू चालू होता, बाबा जेवायला घरात गेले होते. साहिल मोठ्या मूर्तीपुढे उकिडवा बसला होता. त्याने फडकं बोटाला गुंडाळलं, डोळे मिटून मूर्तीला हात जोडले, आणि मग पुसायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मी आल्याचं कळलं तसा तो दचकला, फडकं मुठीत लपवलं. “पूस,” मी म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार. घरातून आईचा आवाज येत होता, “अजून थोरा घ्या, सार तरी घ्या.” ती बाबांना बसवून ठेवत होती. बाबा म्हणत होते, “तू मना फुगवून मारशील, धोंडू.” आईला ते लाडाने धोंडू म्हणतात. त्यांच्या आवाजात मजा होती. मला तिथून परत फिरावंसं वाटलं. सुखात आहेत की, म्हटलं, राहू दे.

बाबा हात पुसत आले. माझ्या बाजूला बघत थांबले. “बाय आयली वाटतं.” मी त्यांना स्टुलावर बसवलं, खाली त्यांच्या पायाशी बसले आणि जुळवलेलं एकही वाक्य न वापरता विचारलं, “बाबा, तुमाला माझं तोंड दिसतं?” ते हसले. मग हसू थांबलं. प्रणित मागे येऊन उभा राहिला होता, त्याला मी हाताने गप्प राहायला सांगितलं. “केस दिसतात तुजे,” बाबा शेवटी म्हणाले. “ह्यो खांदा दिसतो. तोंड नाय दिसत. मधी कालोख हाय.” कोणी न विचारल्यामुळे सांगितलं नव्हतं, इतक्या साधेपणाने ते म्हणाले. मी लॅपटॉप उघडला, कारखान्याचं पान घेतलं, नजर धूसर केली आणि वर मधोमध एक काळं वर्तुळ टाकलं, कोडच्या चार ओळींचं काम. “आता मला मुकुट दिसतोय,” मी सांगितलं, “कान दिसतायत, हात दिसतायत, सोंड दिसत नाही.” “कालोखाची कड कशी हाय?” बाबांनी विचारलं. “सुरीने कापल्यासारखी.” “तशी नाय. कड पसरव. पान्यात शाई सोडल्यागत.” मी कड पसरवली. “कालाच रंग घातलास? तो काला नाय, मळका हाय. राखेचा.” मी राखेचा केला. “नि सरल गोष्टी वाकतात कडेला. दाराची चौकट बग, मना ती आत गेलेली दिसते.” ते सांगत होते आणि मी लिहीत होते, आकडे बदलत होते, परत सांगत होते मला काय दिसतंय. आयुष्यभर ते असेच रंग सांगायचे, थोरा गेरू घाल, अजून, बास. त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. किती महिन्यांनी कोणी तरी त्यांच्याबरोबर तिथे आत येऊन बसलं होतं. पडद्यावर आता एकाही गणपतीला डोळे नव्हते.

“ह्यात तुना रेघ काढता येल?” त्यांनी विचारलं. रेघा काढायचं एक फुकट साधन मला ठाऊक होतं, माझ्या पानावर आहे ते. तिथे मी गेल्या वर्षीच्या मूर्तीचा आखणीआधीचा, कोऱ्या चेहऱ्याचा फोटो घेतला, त्याच्यावर बाबांचा काळोख चढवला, आणि टचपॅडवर बोटाने एक डोळा काढला. मग दुसरा. दिसत नव्हतं काही, तरी मला वाटत होतं चांगलं जमतंय. हात आपोआप वळत होता. काळोख काढून टाकला. एक डोळा नाकाला चिकटला होता, दुसरा गालावर होता. 

“कसा आयला?” बाबा म्हणाले.

चांगला आला, असं म्हणता आलं असतं. त्यांना कुठे दिसणार होतं? सगळं घर गेले कित्येक दिवस हेच तर म्हणत होतं.

“वाकडा आला, बाबा.”

 पत्र्यावर पाऊस वाजत होता. साहिल फडकं मुठीत धरून तसाच उभा होता. “मना वाटत होता,” बाबा म्हणाले, “डोले नसले तरी हाताला म्हाईत हाय. गिऱ्हाइका येतात, बोलतात, काका, ह्या साला डोले कवरे सरल. मी म्हनायचो, बग, हात काढतोय माजा.” त्यांनी उजवा हात उलटा करून मांडीवर ठेवला, तळवा वर. “मंग काढतंय कोन?”

प्रणित पुढे झाला. “साहिल,” मी म्हटलं. आणि मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. त्यांचा हात आला तो आधी माझ्या कानावर पडला, मग केसांवर. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात साराचं भांडं तसंच. तिने सगळं ऐकलं होतं. तिला बघून प्रणितही बोलायला लागला, डॉक्टर, पडदा, सुया, एकातून एक, पनवेलच्या बाकावर जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “किती राहील त्यानं?” “हाय तेवरा राहील, बोलला.” “उद्या नेशील?” “उद्या नेतो, बाबा.” मग त्यांनी हात पुढे केला. “साहिल, फडका दे.” साहिलने दिलं. बाबांनी ते नाकाशी नेलं, वास घेतला, त्यावरचा काळा रंग बोटांत चोळून बघितला.  ते ओरडले असते, फेकून दिलं असतं, तर बरं झालं असतं.

“पुसलेल्यावर रंग धरत नाय,” ते म्हणाले. “फुगतो. गिऱ्हाइकाच्या घरात पोपडा उडंल. आजपासून कोऱ्यावर काढ.”

“काका, तुमी काढा ना,” साहिल म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मी हाय मागून.”

“मी काढीन नि तू पुसशील. कवर?”

 बाबांनी स्टूल स्वतः उचललं, चाचपत शेजारच्या कोऱ्या मूर्तीपुढे नेऊन ठेवलं, पण त्यावर बसले नाहीत. साहिलच्या खांद्याला धरून त्याला बसवलं आणि कुंचला त्याच्या हातात दिला. आईने भांडं खाली ठेवलं आणि रेडिओ बंद केला.  बाबा त्याच्या शेजारी उभे राहिले. मग साहिलने श्वास घेतला. वरची पापणी, मग खालची, मग दुसरा डोळा. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, मी मूर्तीकडे बघतच नव्हते. कुंचला खाली आल्यावर साहिलने नेहमीसारखं मागे वळून विचारलं, “काका, बघता?” विचारल्यावर त्याला कळलं आपण काय विचारलं ते, आणि तो तोंड फिरवून बसला.

“तुना दिसला ना?” बाबा म्हणाले. “मंग झाला. दुसरा घे.”